अण्णांच्या टपालाचे बिऱ्हाड
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मागच्या महिन्यात मला विचारले, "पुढच्या सभेत तुम्ही बोलाल का?" मला वाटले, कुळथाच्या पिठल्यावर नाहीतर आंबोशीच्या लोणच्यावर बोलायचे असेल. म्हणून मी चटकन् हो म्हटले. मग त्या म्हणाल्या, "छे हो, तुम्ही जुन्या कंप्युटरमधली सासऱ्यांची पत्रे नव्या कंप्युटरमध्ये नेलीत ना, ते सांगा. आमच्याही घरी तीच पंचाईत आहे." आता माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय तर मुळीच नाही. तेव्हा जसे घडले तसे सांगते. मध्येच चुकले तर कोपऱ्यात माझी धाकटी लेक बसली आहे, ती सावरून घेईल.

तुम्हांपैकी पुष्कळजणींनी आमच्या अण्णांना पाहिले आहे. माझे सासरे. चौतीस वर्षे टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी अकरा वाजता आंघोळ-पूजा आटोपून, शर्टाची बटणे नीट लावून ते माडीवरच्या खोलीत जात आणि पत्रे लिहीत. आमच्या वन्सं ऑस्ट्रेलियात असतात. आधी निळ्या आंतरदेशीय पत्रासारखी ती परदेशी पत्रे जात. पुढे २०१२ साली कंप्युटर घेतला तेव्हा अण्णा ईमेल शिकले. सत्तरीच्या घरातला माणूस, पण चार दिवसांत शिकला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी काही महिने त्यांना अक्षर दिसत नसे, तेव्हा ते सांगत आणि मी टाइप करीत असे. माझी कंप्युटरची शाळा म्हणायची तर ती एवढीच.

२२ जुलै २०२१ चा पूर तुम्हांला मी काय सांगावा! आपल्या चिपळुणात कोणाचे काय गेले नाही? आमच्या तळमजल्यावर वाशिष्ठीचे पाणी छताला टेकले. वन्संची लग्नाआधीची व नंतरची सगळी कागदी पत्रे एका ट्रंकेत होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत चिखलाचा गोळा. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला आणि काही न बोलता माडीवर गेले. कंप्युटर माडीवर होता म्हणून वाचला. म्हणजे २०१२ पासूनची पत्रे तेवढी उरली.

२०२३ च्या डिसेंबरात अण्णा गेले. त्यानंतर त्या खोलीत कोणी फारसे बसत नसे. मी झाडायला गेले की एकदा कंप्युटर चालू करून बघत असे, आणि दर वेळी तो सुरू व्हायला जास्त वेळ लागे. आत टिक् टिक् असा आवाज येई. त्यात विंडोज ७ होते, आणि ते बनवणाऱ्या कंपनीने त्याची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच बंद केली होती. मुलीच्या अभ्यासाला नवा हवाच होता. हे म्हणाले, "जुना देऊन टाकू, दुकानदार दीड हजार रुपये वळते करून घेतो आहे."

मी विचारले, "आणि अण्णांची पत्रे?"

दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, सगळे कॉपी करून देतो. काळजी करू नका."

मी काळजी केली नाही, हीच चूक. संध्याकाळी नवा कंप्युटर घरी आला. फोटो होते, कागदपत्रे होती, मुलीची चित्रे होती. ईमेलचा कार्यक्रम, त्याचे नाव थंडरबर्ड, तोही घातलेला होता. मी तो उघडला तर आत काहीच नाही! नवे खाते उघडा म्हणून विचारतो आहे. जणू आमच्या घरी कधी कुणाचे पत्र आलेच नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठे, पत्रे तर कंपनीकडे असतातच. आपल्या मंडळाचे खाते आहे तसे. आपण फोन बदलला तरी नाव आणि पासवर्ड घातला की सारी पत्रे पुन्हा दिसतात. खरे आहे. परंतु पत्रे ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांतला फरक मला अण्णांनीच समजावून दिला होता, तोही त्यांच्या खात्याच्या भाषेत. एका पद्धतीला आयमॅप म्हणतात. म्हणजे असे की, पोस्टात तुमची पेटी आहे, पत्रे पेटीतच राहतात, तुम्ही जाऊन वाचून येता. घराला आग लागली तरी पत्रे पोस्टात सुखरूप. दुसरी पद्धत पॉप. ह्या नावाचा अर्थच मुळी पोस्ट ऑफिसची रीत असा आहे. ह्यात पोस्टमन पत्र तुमच्या हातात देतो. पोस्टात प्रत ठेवायला सांगता येते, पण तशी सोय केली नसेल तर मग ते फक्त तुमच्या घरात. अण्णांना हीच पद्धत आवडे. "माझे टपाल माझ्या घरात पाहिजे," ते म्हणत. प्रत ठेवण्याची खूण त्यांनी स्वतः काढून टाकली होती. शिवाय ते खाते इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे होते, आणि पुरानंतर आम्ही कंपनी बदलली तेव्हा ते खातेही बंद झाले. पत्रे मात्र कंप्युटरात राहिली.

तुम्हांला वाटेल, वन्संकडे तरी प्रती असतील. त्यांनी सारी पत्रे ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिली होती. नोकरी सोडली त्या दिवशी तो पत्ता बंद. म्हणजे बापलेकीची अकरा वर्षांची पत्रे जगात एकाच ठिकाणी होती, आणि ती जागा दीड हजार रुपयांना दुकानात गेली होती.

मी पदर खोचला, रिक्षा केली आणि दुकान गाठले. शटर अर्धे खाली आले होते. जुना डबा टेबलाखाली पडलेला. मुलगा म्हणाला, "उद्या सकाळी फॉरमॅट करणार होतो." मैत्रिणींनो, फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. मी दीड हजार परत दिले आणि डबा मांडीवर घेऊन घरी आले. त्या मुलाला मी काही बोलले नाही. त्याने डोळ्यांना दिसणारे सारे खरेच दिले होते. पत्रे दिसत नव्हती, कारण ती ज्या फोल्डरात असतात तो फोल्डर विंडोज लपवून ठेवते. माळ्यावर मागच्या बाजूला ठेवलेल्या पितळी भांड्यांसारखे. सामान हलवणाऱ्या माणसाला कसे कळावे?

ते शोधण्याचा मार्ग मात्र सोपा आहे. थंडरबर्ड उघडायचा, त्यात हेल्प म्हणून यादी आहे, तिच्यात ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन. ते दाबले की एक लांबलचक पान येते. घाबरू नये. त्यात प्रोफाइल फोल्डर असे लिहिलेले असते आणि शेजारी ओपन फोल्डर असे बटण. ते दाबले की माळ्याचे दार उघडते. फोल्डरचे नाव आठ विचित्र अक्षरांचे असते, पुढे टिंब आणि डिफॉल्ट असे काहीसे. कार्यक्रम उघडतच नसेल तर विंडोजच्या शोधायच्या चौकटीत टक्क्याची खूण, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याची खूण असे इंग्रजीत लिहावे. तिथून थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स.

आत पाहिले तर मला वाटले होते की प्रत्येक पत्राचा वेगळा कागद असेल. तसे नाही. आलेल्या साऱ्या पत्रांची मिळून एकच लांब वही असते, तिचे नाव इनबॉक्स. पाठवलेल्यांची दुसरी, सेंट. ह्या वह्यांच्या नावापुढे शेपूट नसते. शेजारीच त्याच नावाची, पण एमएसएफ शेपटीची छोटी फाइल असते. ती नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तर कार्यक्रम नवी बनवतो. पण शेपूट नसलेली वही हरवली तर संपले. माणसे नेमकी उलटे समजतात, कारण शेपूट असलेली फाइल जास्त खरी वाटते. त्याच फोल्डरात पत्त्यांची वही असते, पासवर्ड असतात, सारा संसार असतो. म्हणून निवडानिवड न करता फोल्डर आख्खा न्यावा.

लग्नघरी आपण शेजारणीकडून भांडी आणतो तेव्हा काय करतो? मोजून आणतो आणि मोजून देतो. मी तेच केले. प्रत्येक फोल्डरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिले. तिथे पत्रांची संख्या दिसते. दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले. इनबॉक्स ३४१२. सेंट १९०७. फोटो नावाचा एक फोल्डर, २४०. आणि ड्राफ्ट्स, म्हणजे लिहून न पाठवलेली, ३.

हल्लीच्या थंडरबर्डमध्ये टूल्सच्या यादीत एक्सपोर्ट म्हणून सोय आहे. २०२२ च्या १०२ ह्या आवृत्तीपासून ती आली. ती सारे बांधून एक गठ्ठा करून देते आणि नव्या कंप्युटरात इम्पोर्टने तो सोडता येतो. ज्यांचे सामान थोडे आहे त्यांनी तेच करावे. पण सामान दोन जीबीच्या आत असेल तरच ती चालते. आमचे भरले सहा जीबी. वन्सं दर आठवड्याला नातवंडांचे फोटो पाठवीत आणि अण्णा एकही काढून टाकीत नसत. तेव्हा हाताने नेणे भाग होते.

मी मंडळाचा पेन ड्राइव्ह लावला. (हो, मंडळाचाच. खजिनदारबाई, तो मी परत केलेला आहे.) पहिल्या वेळी कॉपी करायला गेले तर एक फाइल वापरात आहे म्हणून तक्रार. मुलगी म्हणाली, "आई, थंडरबर्ड बंद केलास का?" नव्हता केला. चूल पेटती ठेवून चूल हलवायला निघाले होते. बंद केला. दुसऱ्या वेळी बरेचसे गेले आणि इनबॉक्सपाशी अडले. फाइल फार मोठी आहे म्हणे. पेन ड्राइव्ह बत्तीस जीबीचा, त्यात पंचवीस रिकामी, आणि इनबॉक्स जेमतेम सव्वाचार! मला काही उलगडेना. रात्रीचे अकरा वाजलेले, डबा टिक् टिक् करतो आहे, आणि हे दारात उभे राहून म्हणतात, "उद्या बघ आता." मला भीती, उद्यापर्यंत हा जगतो की नाही.

उलगडा मुलीने केला. पेन ड्राइव्ह आतून मांडण्याच्याही पद्धती असतात. त्यातली जुनी पद्धत फॅट बत्तीस. तिच्यात किती का जागा रिकामी असेना, एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी मावत नाही. कणगी मोठी पण तोंड अरुंद, असे. उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना फाइल सिस्टमच्या जागी एक्सफॅट निवडायचे. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे, हे मी संध्याकाळीच शिकले होते! त्यात आपल्या हळदीकुंकवाचे फोटो होते. ते आधी नव्या कंप्युटरवर काढून घेतले, मगच पुसले.

मग इनबॉक्स हलला. सव्वाचार जीबीला एरवी किती वेळ लागतो मला ठाऊक नाही. आम्हांला पाऊण तास लागला. हिरवी पट्टी मध्येच थांबे. डिस्क आत अडखळत होती. मी समोर बसून होते. देवाचे नाव घेतले की नाही आठवत नाही, पण भाजी चिरायला घेतली होती आणि एक किलो गवार निवडून झाली एवढे आठवते. बारा वाजून गेल्यावर पट्टी भरली.

नव्या कंप्युटरवरचे काम दुसऱ्या दिवशी केले. तिथे थंडरबर्ड नव्यात नवा घालावा. जुन्या आवृत्तीचे सामान नवी आवृत्ती घेते, पण नव्याचे जुनीला पेलत नाही. विंडोज ७ वर ११५ च्या पुढची आवृत्ती चालत नाही. त्यामुळे आमचे सामान जुन्याकडूनच नव्याकडे जात होते, ते बरे झाले. थंडरबर्ड एकदा उघडून पुन्हा बंद करायचा, म्हणजे तो स्वतःचा रिकामा प्रोफाइल फोल्डर तयार करतो. तो फोल्डर मघासारखाच शोधायचा, त्यातले रिकामे सामान काढायचे आणि जुन्या फोल्डरच्या आतला ऐवज तिथे ठेवायचा. आतला, हे लक्षात ठेवा. जुना फोल्डर नावासकट नेऊन नुसता शेजारी ठेवला तर थंडरबर्ड त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण कुठल्या नावाच्या घरात राहायचे हे त्याने एका चिठ्ठीत लिहून ठेवलेले असते.

मग उघडला. डाव्या बाजूला अण्णांचे नाव आले. इनबॉक्स, सेंट, सगळे. मी दुधाची वही काढली. इनबॉक्स ३४१२, जमले. सेंट १९०७, जमले. फोटो मात्र २१२! अठ्ठावीस पत्रे कमी. माझ्या पोटात गोळाच आला. मुलगी म्हणाली, अनुक्रमणिका बिघडली असेल. प्रॉपर्टीजमध्येच रिपेअर फोल्डर असे बटण आहे. ते दाबले की मूळ वही पुन्हा पहिल्यापासून वाचून तो नवी अनुक्रमणिका करतो. दाबले. २४० भरले.

एक गोष्ट सांगायची राहिली. उघडल्याबरोबर तो बंद पडलेल्या खात्याकडे नवे टपाल मागायला लागला आणि पासवर्ड विचारू लागला. तो त्रास चुकवावा म्हणून मी खातेच काढून टाकायला निघाले होते. तिथे पत्रांचा ऐवजही काढून टाकू का, अशी एक खूण असते. ती चुकून केली असती तर सारी रात्र फुकट! खात्याला हात लावू नये. सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीला टपाल तपासण्याची खूण तेवढी काढावी.

शेजारच्या वहिनी आउटलुक वापरतात. त्यांनी मला विचारले म्हणून सांगते. जुन्या तऱ्हेच्या आउटलुकमध्ये पॉपचे टपाल पीएसटी शेपटीच्या एका फाइलमध्ये असते, आणि ती बहुधा डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात सापडते. बाकी त्याचा मला अनुभव नाही. विंडोज १० ची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा पुष्कळ घरांतून आता डबे बदलणे चालले आहे. दुकानात देण्याआधी माळा बघा, एवढेच माझे सांगणे. आम्ही जुना डबा पुढे दोन महिने ठेवला होता. नंतर दिला, तोही आतली डिस्क काढून घेऊन.

वन्संना फोन केला. त्यांना पहिले पत्र कुठले हवे होते सांगू? पुरानंतरचे. वीज आली तेव्हा अण्णांनी त्यांना लिहिले होते. काय गेले आणि काय राहिले ह्याची यादी, टपाल खात्याच्या नोंदवहीसारखी, एकाखाली एक. गेले ह्या बाजूला ट्रंक होती. राहिले ह्या बाजूला पहिलेच नाव माझे होते आणि दुसरे कंप्युटरचे. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ते पत्र तुला माहीत नव्हते?" मी म्हटले, "नाही. ते त्यांनी स्वतः टाइप केले होते."

वन्संच्या पत्रांचा मी वेगळा फोल्डर केला. थंडरबर्डमध्ये लोकल फोल्डर्स म्हणून जागा असते, तिथे ताई नावाचा, इंग्रजी अक्षरांत. दोघांची पत्रे निवडून त्याच्यात प्रती टाकल्या. मूळची जागची हलवली नाहीत. मग तीच शेपूट नसलेली एक वही वन्संना पाठवली. त्यांनी आपला थंडरबर्ड बंद करून ती त्यांच्या लोकल फोल्डर्सच्या फोल्डरात ठेवली, पुन्हा उघडला, आणि पत्रे तिकडे दिसली.

बाकीची पत्रे मी पाठवली नाहीत. त्यांत अण्णांची त्यांच्या धाकट्या भावाशी झालेली लिहापुसी आहे, आणि वन्संच्या लग्नाच्या वेळी घरात काय झाले ते आम्हां सर्वांना ठाऊक आहे. फोल्डर आख्खा हलवावा लागतो, म्हणून ती पत्रेही माझ्या हातून गेली. पण मी ती वाचली नाहीत. अण्णा म्हणत, पोस्टकार्ड उघडे असते म्हणून ते वाचायला दिलेले नसते. चौतीस वर्षे लोकांची उघडी कार्डे त्यांच्या हातांतून गेली.

राहता राहिली ड्राफ्ट्समधली तीन. लिहिली आणि पाठवली नाहीत. ह्यांचे म्हणणे, पाठवायची नव्हती म्हणूनच ठेवली असतील, काढून टाक. माझे म्हणणे, काढायची असती तर अण्णांना काढता येत होती. ह्यावरून आमचे दोनदा वाजले. नव्या कंप्युटरवर त्या नावापुढे ३ हा आकडा आहे. वन्सं गणपतीला येणार आहेत. तोवर मी तो फोल्डर उघडलेला नाही.